दोनशे तेरावा भोवरा

दोनशे तेरा भोवरे होते, मंडळी! अंदाजपंचे सांगत नाही — मोजलेले. भिंतीवर एकशे अठ्ठेचाळीस. छताला टांगलेले बावन्न. आरशांच्या खोलीत बारा — आरशातले धरले नाहीत हं! ते धरले असते तर मोजणारा माणूस अजून तिथंच बोट वर करून उभा असता. हे झाले दोनशे बारा. आणि मधोमध, काचेच्या चौथऱ्यावर, दिव्याच्या झोतात — एक. एकूण दोनशे तेरा.

आता सांगा, त्यांतले फिरत किती होते?

बोला की! शंभर? पन्नास? खांबाजवळच्या ताई म्हणतात, एक तरी असेलच.

शून्य!

लक्षात ठेवा हा आकडा. आपल्याला पुन्हा लागणार आहे. त्याआधी एक प्रश्न विचारतो. सोपा आहे, पण उत्तराची घाई करू नका. जे काम कुणी कधी तपासून बघणारच नाही, ते खरं कशाला करायचं? सदऱ्याची आतली शिवण. कपाटाची भिंतीकडची बाजू. कुणी बघतं? नाही बघत! मग तिथं मेहनत कशाला? हसू नका, प्रश्न गंभीर आहे. शहाणी शहाणी माणसं या प्रश्नापाशी घसरलीत. आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे, तेही घसरले. एकाहत्तराव्या वर्षी!

मंडळी, ऐका.

आंबेखोलचे रुक्मांगद मेस्त्री. बावन्न वर्षं लेथवर उभे राहून लाकूड कातणारा माणूस. लाटणी, पोळपाटाचे पाय, पाळण्याच्या दांड्या — सगळं करायचे. पण नाव झालं ते भोवऱ्यांवर. शिवणीच्या झाडाचं लाकूड घ्यायचं, लेथवर चढवायचं, पटाशी लावली की भुसा असा झरझर उडायचा आणि आतून भोवरा बाहेर यायचा. वरून लाखेचा रंग. लाल अंग, त्यावर दोन पिवळे पट्टे. ते पट्टे त्यांची लेक द्यायची, सुगंधा. आणि सगळ्यात शेवटी — आर!

आर म्हणजे भोवऱ्याच्या बुडातलं लोखंडी टोक. ज्याच्यावर तो उभा राहतो ते. मेस्त्र्यांच्या घरात एक शिरस्ता होता. लाकूड कुणीही कातावं, रंग कुणीही द्यावा — आर मात्र घरातल्या कर्त्या माणसानंच ठोकायची. मेस्त्र्यांच्या वडलांनी ठोकली, मग मेस्त्र्यांनी. सुगंधेनं लहानपणी एकदा हातोडी उचलली, तर म्हणाले, "ठेव ती! पट्टे दे तू."

आणि आर बसली म्हणजे काम संपलं का? छे! मग परीक्षा. जाळी गुंडाळायची — जाळी म्हणजे भोवऱ्याची दोरी, आजकालच्या पोरांना सांगावं लागतं! — आणि अंगणातल्या फरशीवर भोवरा सोडायचा. तो फिरतोय तोवर मेस्त्री हरीचं नाव घेणार. हरी, हरी, हरी, हरी… बोटांवर मोजत. एकशे आठ झाले आणि भोवरा उभा — पास! एकशे सात नावांना पडला — चुलीत! दया नाही, माया नाही. बायको म्हणायची, "अहो, एका नावानं काय बिघडतंय?" तर म्हणायचे, "देवाचं एक नाव कमी घ्यायला सांगतेस मला?" झालं!

बघा हं, माणसानं युक्ती कशी केलीय. घड्याळ नको, काही नको. जप तर करायचाच होता, त्यातच मोजमाप उरकून घेतलं.

आता महामार्गाला लागून, काजूच्या कारखान्याच्या पुढं, ती भोवरा-नगरी उघडली. तुमच्यातले निम्मे जाऊन आलेत. नाही म्हणू नका, तुमचे फोटो मी पाहिलेत! ती सगळी उभी केली ऋजुता सामंत नावाच्या मुलीनं. वय एकोणतीस. हुशार, कामाची, दिवसभर पायाला भिंगरी. तिनं दोनशे बारा भोवरे फायबरचे करून घेतले. पण तिला वाटलं, एक तरी खरा लाकडाचा हवा, हातानं केलेला. शोधत शोधत आली आंबेखोलला.

"आजोबा, एकच भोवरा हवाय. मोसंब्याएवढा. सुंदर करा. फक्त खाली टोक नको, सपाट करा. चौथऱ्यावर उभा राहायला हवा."

मेस्त्री म्हणाले, "फिरवायचा कसा मग?"

"फिरवायचा नाहीये. बघायचाय. फोटो काढायचाय."

मेस्त्र्यांनी नुसती मान हलवली. आणि केलं काय माहितीये? भोवरा केला, आर ठोकली, आणि त्या आरेवरून लाकडाची एक सपाट बैठक चढवली! वाटीसारखी. दाबून घट्ट बसवली, वर लाख फिरवली. सांधा दिसेना. वरून बघावं तर सपाट बूड, आत लपलेलं टोक! गिऱ्हाईकाचंही ऐकलं आणि स्वतःचंही सोडलं नाही.

पण मंडळी, त्या दिवसांत एक गोष्ट झाली होती. मेस्त्र्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. जेवताना आमटी सांडायची. लेथवर मात्र हात टेकवून धरायला पट्टी असते, तिथं चालून जायचं. आर ठोकताना हात टेकवायला काय असतं? काही नाही! हात हवेत!

आर ठोकली. बैठक बसवली. आणि दोन दिवसांनी येणार होती ती गाडी त्याच दिवशी दारात! चालक हॉर्न वाजवतोय. सुगंधा म्हणाली, "बाबा, परीक्षा?"

बैठक काढायची, जाळी गुंडाळायची, सोडायचा, एकशे आठ नावं घ्यायची. किती वेळ लागला असता? दहा मिनिटं!

मेस्त्री म्हणाले — नीट ऐका, सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे — मेस्त्री म्हणाले, "जाऊ दे. कोण फिरवणार आहे तो!"

गाडी गेली.

आणि त्यानंतर चार महिने, मंडळी, मेस्त्र्यांनी लेथ चालू केलं नाही! सुगंधा विचारायची, "दुखतंय का काही?" — नाही. "थकलात का?" — नाही. मग काय? काही नाही. शेवटी एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "लेथ विकून टाकू. मालवणचा एक जण मागतोय. त्याला येत्या सोमवारी बोलावलाय."

सुगंधा प्राथमिक शाळेत शिक्षिका. पोरांच्या पोटातलं काढून घ्यायची सवय! ती म्हणाली, "का?"

"हात गेला माझा."

"कशावरून?"

बघा! दोन शब्दांचा प्रश्न — कशावरून? मेस्त्री घोटाळले. खरंच, कशावरून? शेवटचा भोवरा केला, तो तपासलाच नव्हता! चांगला असेल. वाईट असेल. माहीत कुणाला? माणूस चार महिने झुरत होता, आणि कशापायी झुरतोय हे त्यालाच ठाऊक नव्हतं. वाईट बातमी आली असती तर रडून मोकळा झाला असता. इथं बातमीच नव्हती!

मेस्त्र्यांनी कप खाली ठेवला. "सुगंधे, तो भोवरा बघायला हवा. खरा निघाला तर लेथ ठेवतो. नाही निघाला, तर सोमवारी जाऊ दे."

रविवारी सकाळी बापलेक भोवरा-नगरीच्या दारात. मेस्त्र्यांच्या खांद्याला कापडी पिशवी. आत जाळी, हातोडी, पक्कड, भोक पाडायचा सामता, चार नव्या आरा, लाकडाच्या बारीक खुंट्या.

आत पाऊल टाकलं आणि मेस्त्री थबकले. काय सांगू तुम्हाला! एक भला मोठा अर्धा भोवरा, त्याच्यात सोफ्यासारखं बसायचं. एक तिरकी खोली — आत उभं राहिलं की फोटोत माणूस पडताना दिसतो. लोक पैसे देऊन पडायला येतात, मंडळी! आपल्याला फुकट पडता येतं, ते नको! फोटोसाठी जमिनीवर पावलं रंगवलेली, इथं उभे राहा. भिंतीवर बाण, तिकडं तोंड करा. हसायचं किती, तेवढं लिहायचं राहिलं होतं!

मेस्त्र्यांना राग आला असेल असं वाटतंय ना तुम्हाला? नाही आला! ते प्रत्येक गोष्ट निरखून बघत होते. आरशांच्या खोलीत आरशाला नाक टेकवून आले, खरा भोवरा कुठला आणि प्रतिबिंब कुठलं ते कळावं म्हणून. एके ठिकाणी गोल फिरती जमीन होती. त्यावर माणसं उभी करायची, मधे भोवरा. माणसं फिरतात, भोवरा उभा! मेस्त्री स्वतः चढले. एक फेरी पुरी व्हायला सत्तावन्न हरी लागले. खाली उतरून म्हणाले, "सुगंधे, देवानं उलटं केलं गो! आता आपणच भोवरे!"

तेवढ्यात त्यांचे कान टवकारले. कुठूनतरी आवाज येत होता. गुंऽऽऽ… पेटीवाले, जरा खालचा षड्ज धरा! हां… असा. गुंऽऽऽ. भोवऱ्याचा आवाज! मेस्त्री शोधायला लागले, फिरतोय कुठं? ही भिंत, ते छत. मोजलेच त्यांनी सगळे, एक एक करून. दोनशे तेरा. फिरणारे शून्य. आणि आवाज येतोय! शेवटी सापडला, एका काळ्या डब्यातून येत होता. स्पीकर!

मेस्त्र्यांनी डब्याला कान लावला. म्हणाले, "हा डगमगणाऱ्या भोवऱ्याचा आवाज आहे. खरा भोवरा एवढा बोलत नाही."

थांबवा पेटीवाले. खरे भोवरे फार बोलत नाहीत म्हणे. आम्हा कीर्तनकारांनी हे मनावर घ्यायला हवं!

आणि मग तो. मधोमध. चौथऱ्यावर. लाल अंग, दोन पिवळे पट्टे. वर एक गोल भिंग लावलेलं, त्यामुळं मोसंब्याएवढा भोवरा कलिंगडाएवढा दिसत होता. पुढं माणसांची रांग. एक कुटुंब फोटो काढून हललं की दुसरं पुढं. मेस्त्री रांगेत उभे राहिले. नंबर आला. सगळे भिंगाकडं बघून हसतात. हे खाली वाकले आणि बैठकीचा सांधा शोधायला लागले!

"आजोबा! हात लावू नका!" ऋजुता धावत आली. मग ओळखलं. "अय्या, तुम्ही! मेस्त्री आजोबा! या ना, तुमचा फोटो काढू या त्याच्याबरोबर. तुमचाच तर आहे."

"फोटो नको गो बाय. मला तो फिरवायचाय."

ऋजुता हसली. "आजोबा, तो कसा फिरेल? खाली सपाट आहे. मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"ती बैठक आहे. आत आर आहे."

हसू गेलं. "म्हणजे… मी सपाट म्हटलं होतं, आणि तुम्ही टोक लावलंत?"

"सपाट दिलं की तुला! चार महिने उभा आहे ना? पडला का?"

"नाही पडला. पण फिरवायचा नव्हता, हे मी सांगितलं होतं. मग आत टोक कशाला?"

मेस्त्री मग म्हणाले, "बैठक तुझ्यासाठी. टोक त्याच्यासाठी." आणि भोवऱ्याकडं बोट दाखवलं. "टोक नसेल तर तो भोवरा कसा? नुसता गोटा."

मागून रांगेतला एक जण ओरडला, "ओ काका, आवरा! आमचं बाळ झोपेल!"

सुगंधा वळून म्हणाली, "झोपू दे हो! फोटो छान येईल!"

रांग हसली. पण मेस्त्री हसले नाहीत. ते ऋजुतेला म्हणाले, "बाय, दुसरी एक गोष्ट सांगायची राहिली. त्याची परीक्षा न घेता मी तो तुला दिला. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, कोण फिरवणार आहे! मी तुला खोटं काम दिलंय का खरं, ते मला माहीत नाही. तेवढं बघतो. खोटं निघालं तर घेऊन जातो, दुसरा देतो."

आता त्या मुलीनं काय करावं? रविवार. रांग लागलेली. जमीन नवीकोरी, चकचकीत, आरशासारखी. त्यावर लोखंडी टोकाचा भोवरा? भोक पडणार! दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आजोबा, सोमवारी या, ऑफिसात बसू, चहा घेऊ. आणि सोमवारी तर लेथ जायचं होतं!

पण मंडळी, त्या मुलीच्या डोळ्यांत एक चमक आली. तिलाही प्रश्न पडला! दोनशे तेरा भोवऱ्यांची मालकीण ती. सुगंधेनं हळूच विचारलं, "तुम्ही कधी फिरवलाय का हो भोवरा?"

ऋजुता म्हणाली, "…नाही."

आणि तिनं चौथऱ्याला हात घातला. "धरा ताई, सरकवू या. याच्या खालच्या लादीवर करा. तिथं भोक पडलं तरी चौथऱ्याखाली झाकून जाईल, कुणाला दिसणार नाही."

मेस्त्री म्हणाले, "हेच वाक्य मला नडलं, बाय."

चौथरा सरकला. रांग मोडली, सगळे गोल करून उभे. मेस्त्र्यांनी भोवरा हातात घेतला, पिळला, आणि कट्कन् बैठक निघाली. आत आर! चार महिने अंधारात राहूनही चकाकत होती. लोकांच्या तोंडून निघालं, "अरेच्चा!"

जाळी गुंडाळली मेस्त्र्यांनीच. वेढा वेढ्याला लागून, एकही एकावर एक नाही. हात वर नेला — आणि थरथरला. पुन्हा नेला. पुन्हा थरथरला. सगळे बघतायत. मग त्यांनी भोवरा लेकीपुढं धरला. "तू सोड."

गल्लीतल्या सगळ्या पोरांना लहानपणी हरवलेली बाई ती! पदर खोचला, एक पाय मागं, आणि — सप्प!

टेकला! उभा राहिला! फिरायला लागला! हरी, हरी, हरी, हरी… मेस्त्री बोटांवर मोजतायत. ऋजुतेनं फोनवरचं घड्याळ चालू केलं. थोड्या वेळानं रांगेतली माणसंही म्हणायला लागली, हरी, हरी, हरी! झोपायला आलेलं ते बाळ टक्क जागं!

आणि भोवरा कसा दिसत होता, सांगू? चौथऱ्यावर दिसायचा तसाच! पट्टे आडवे, गोल. फिरले तरी तसेच दिसणार, न फिरले तरी तसेच. एकानं त्याचा फोटो काढला. मघाचा फोटो शेजारी ठेवला. फरक शोधा! एकात खाली बैठक, एकात टोक. बाकी रेघेचा फरक नाही! बाहेरून सगळं सारखं. माझी आपली चार चरणं आहेत यावर, गोड करून घ्या —

फिरे तरी उभा । उभा तरी फिरे ।
आत ज्याचे खरे । टोक एक ॥

पण मेस्त्री बघत नव्हते. ते ऐकत होते. आवाज येत होता. कर्रऽऽ… बारीक, खरखरता. साठ हरी. सत्तर. भोवरा डुलायला लागला. बहात्तर. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर — पडला. गडगडत गेला, रांगेतल्या काकांच्या बुटाला लागून थांबला.

चौऱ्याहत्तर. ऋजुता घड्याळ बघून म्हणाली, "बावन्न सेकंद."

हवे होते एकशे आठ.

सुगंधेनं बापाकडं बघितलंच नाही. मेस्त्र्यांनी एक श्वास सोडला. "कळलं," म्हणाले. "सोमवारी जाऊ दे लेथ."

आता कुणी म्हणेल, संपली गोष्ट! हात गेला तो गेला! पण सुगंधा मास्तरीण होती ना. तिनं वर्गात पोरांना शंभरदा विचारलेला प्रश्न बापाला विचारला. "बाबा, कुठं चुकलं?"

"हातच चुकला गो."

"हातानं दोन कामं केली. लाकूड कातलं आणि आर ठोकली. चुकलं कुठलं?"

काय बाई आहे! देव पावो अशा शिक्षिका सगळ्या शाळांना!

मेस्त्री मग एकदम गुडघ्यांवर बसले आणि लादीवर वाकले. जिथं भोवरा फिरला होता तिथं. "बाय, उजेड दाखव." ऋजुतेनं फोनचा दिवा धरला. तिघांची डोकी एकत्र. पुरतं नवल! लादीवर भोक नव्हतंच! टोकानं तिथं एक कडं ओरखडलं होतं. इवलंसं, मोहरी मावेल एवढं, पण गोल.

ऋजुतेनं पट्टी आणून लावली. "दोन मिलिमीटर."

मेस्त्री म्हणाले, "आर मधोमध असती तर ठिपका उमटला असता. कडं उमटलं. म्हणजे टोक मधून सरकलंय." मग म्हणाले, "पण लाकूडही वाकडं असेल."

"मग तेही बघू," सुगंधा म्हणाली आणि पर्समधून खडू काढला! पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या हाताला पीठ, आणि शिक्षिकेच्या पर्समध्ये खडू — असायचाच!

दुसऱ्यांदा भोवरा सोडला. तो नीट उभा राहिला, तसा सुगंधेनं कोपर जमिनीला टेकवलं आणि खडूचं टोक भोवऱ्याच्या पोटाला अलगद, फुंकर घालावी तसं, लावलं. बघा हं — पोट कातताना एका बाजूला फुगलं असेल, तर खडू तेवढ्याच बाजूला लागेल. अर्धी रेघ उमटेल. पोट सगळीकडून सारखं असेल तर खडू सगळीकडं लागेल. समजलं ना? एवढं सोपं आहे. फक्त सुचावं लागतं!

या वेळी एकसष्ट नावांना पडला. पण ते धरायचं नाही. खडूनं ओढलं होतं त्याला.

मेस्त्र्यांनी भोवरा उचलला. हात थरथरत होता, म्हणून दोन्ही हातांत धरला. गोल फिरवून बघितला. पांढरी रेघ. सुरुवात नाही, शेवट नाही. पुरी गोल!

म्हणाले, "कातकाम खरं आहे."

ऋजुता म्हणाली, "म्हणजे चुकलं फक्त टोक?"

"फक्त टोक. लेथवर हात टेकतो. तिथं चुकलं नाही. हातोडीला टेकायला काही नाही. तिथं चुकलं."

सुगंधेनं हळूच विचारलं, "मग लेथ विकायचं?"

मेस्त्र्यांनी पिशवीतून पक्कड काढली, जुनी आर उपटली. भोकात लाकडाची खुंटी सुगंधेला दाबून बसवायला लावली, बूड सारखं करवून घेतलं. सामत्यानं मधोमध भोक पाडायला लावलं. मग पिशवीत हात घालून नवी आर काढली. आणि हातोडी. ती हातोडी, जी बापाकडून त्यांच्याकडं आली होती. तिचा दांडा लेकीकडं केला.

"ठोक."

सुगंधा चव्वेचाळीस वर्षांची बाई. पाच वर्षांच्या पोरीसारखी मागं सरली. "मी? बाबा, आर कर्त्या माणसानं…"

"मग तेच सांगतोय. ठोक! बघू नकोस, ऐक. सरळ जात असेल तर आवाज घट्ट येतो. तिरकी गेली तर फुटका. फुटका आला की थांब."

ठक्! ठक्! त्या काळ्या डब्यातला खोटा आवाज ऋजुतेनं मघाच बंद केला होता. ठक्! मेस्त्री डोळे मिटून ऐकतायत. ठक्! चौथ्याला म्हणाले, "पुरे."

तबलजी, थांबा जरा. तुम्हीही ऐकत होता ना? मला दिसलं!

आता तिसरी फेक. नीट लक्ष द्या — लादी तीच. जाळी तीच. सोडणारी तीच. मोजणारे तेच. बदललं फक्त एक, टोक! आता जे येईल ते टोकाचं उत्तर. दुसऱ्या कुणाचं नाही. परीक्षा अशी घ्यावी! नाहीतर आपण एकाच दिवशी डॉक्टर बदलतो, पथ्य बदलतो, गंडा बांधतो, आणि ताप उतरला की भांडत बसतो, कुणामुळं उतरला म्हणून!

मेस्त्र्यांनी जाळी गुंडाळली. मघासारखीच, त्यांनीच. वेढा वेढ्याला लागून. सुगंधेनं पदर खोचला. पाय मागं. हात वर. सोडला! भोवरा हवेत आहे, मंडळी! अजून टेकला नाही!

थांबा. त्याला तिथंच हवेत ठेवतो. तुम्हाला रुखरुख लागू दे जरा. कारण सुरुवातीचा प्रश्न अजून उरलाय. जे कुणी तपासणार नाही ते खरं कशाला करायचं? मेस्त्र्यांना बावन्न वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. एकदा पडला, "कोण फिरवणार आहे" म्हणून, आणि माणूस चार महिने स्वतःलाच अनोळखी झाला. आपण खरे की खोटे, हेच त्याला ठाऊक नव्हतं! तपासायचं ते दुसऱ्यासाठी नव्हतं, मंडळी. ते स्वतःचा पत्ता स्वतःला लागावा म्हणून होतं. आणि गंमत बघा. उत्तर चौऱ्याहत्तर आलं तरी माणूस मोकळा झाला. चूक कुठं, केवढी, ते कळलं. दोन मिलिमीटरचं कडं! चार महिने तो जिला आपल्या अख्ख्या हाताएवढी समजत होता, ती चूक मोहरीएवढी निघाली!

आता तुमच्याकडं वळतो. कमिटीची मंडळी पुढंच बसलीत, बरं झालं. देवळाची पुढची भिंत काय सुरेख रंगवलीत! मी मागून फेरी मारून आलोय!… हसताय? तुमच्या घरी कुठली बैठक आहे, जिच्या आतलं टोक तुम्ही कित्येक दिवसांत बघितलं नाही? पाण्याच्या टाकीचं झाकण शेवटचं कधी उघडलंत? म्हाताऱ्या आईला फोनवर "बरी आहेस ना" विचारता, उत्तर ऐकता? माळ ओढता, एकशे आठ मणी सरतात, त्यांतली नावं किती? मीच माझं विचारतो — हे आख्यान पाठ करताना शेवटचा भाग नीट पाठ केलाय, की कोण मोजतंय म्हणून सोडलाय? कुणी बघणार नाही, हे अगदी खरं आहे. म्हणूनच तुम्ही बघा. आज घरी जा. एक बैठक उघडा. एकच! चौऱ्याहत्तर निघाले तरी चालतील. पण आकडा काढा!

आता भोवरा खाली घेऊ या. हात जोडू नका, बोटं उघडा. माझ्याबरोबर मोजायचंय.

टेकला!

हरी, हरी, हरी, हरी… रांगेतली माणसं म्हणतायत, बाळाचा बाप म्हणतोय, ऋजुता घड्याळाकडं बघत म्हणतेय. मेस्त्री लादीला कान लावून आडवे. आवाज नाही. पन्नास. साठ. चौऱ्याहत्तर गेलं! नव्वद. शंभर. एकशे सात. एकशे आठ! कुणी टाळ्या वाजवू नका, तो उभा आहे अजून! म्हणा — हरी, हरी, हरी…

पडला. सुगंधेनं उजेड धरला, ऋजुतेनं लादीवर पट्टी ठेवली.

एकशे सत्तावीस हरी. एकोणनव्वद सेकंद. लादीवर एक ठिपका.